‘जेवून रायली’चं ‘जेवून राहिली’: एका हौशी दिवाळी अंकाच्या संकलनाचा प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून समूहाचं, अंकाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. मी स्वतः या संकलन समितीत होतो. त्यामुळे पुढचं सगळं तटस्थपणे लिहिलंय असा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

महाजालावर जमलेल्या एका मराठी समूहाने सलग दहा वर्षं दिवाळी अंक काढला. सभासद अकोल्यापासून न्यू जर्सीपर्यंत आणि साताऱ्यापासून मेलबर्नपर्यंत विखुरलेले. मानधन, वर्गणी, जाहिराती यांतलं काहीच नाही. सर्व्हरचं भाडं एका सभासदाच्या क्रेडिट कार्डावरून जायचं, आणि ते तो कधी बोलूनही दाखवायचा नाही.

वर्षाचं वेळापत्रक पंचांगावर चालायचं. गणपतीत संपादक मंडळ जाहीर व्हायचं. पितृपक्ष संपेपर्यंत साहित्य मागवायचं, दसऱ्यानंतर मुद्रितशोधन, आणि वसुबारसेला अंक. प्रत्यक्षात तो लक्ष्मीपूजनाच्या पहाटे निघायचा, कारण कुणाची तरी कविता धनत्रयोदशीच्या रात्री यायची आणि ती ‘नाही’ म्हणता येण्यासारखी नसायची. का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, हे वाक्य आमच्या दहापैकी निदान सहा संपादकीयांत सापडतं. दर वर्षी संपादक नवा, आणि दर वर्षी त्याला ते नव्याने कळलेलं.

पहिले दोन अंक ‘शिवाजी’ फॉन्टात होते. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. तिसऱ्या अंकापासून युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची जगभर एकच असलेली पद्धत, आलं. विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना तेव्हा कंट्रोल पॅनेलात जाऊन एक खूण करावी लागायची, वर विंडोजची सीडीही घालावी लागायची. ‘मावशींची सीडी सापडत नाही, त्यांना अंक कसा दाखवू?’ असे निरोप आलेले आठवतात.

दहाव्या अंकानंतर संपादक मिळेनात आणि अंक बंद पडला. त्यात नाट्य काही नव्हतं.

अडचण

२०२१च्या गणपतीत सर्व्हरवाल्या दादांनी सांगितलं की ते आता निवृत्त होताहेत, भाडं पुढच्या वर्षापर्यंतच भरतील. त्यावर कल्पना निघाली, की दहा अंकांतलं निवडक साहित्य काढून एक ई-पुस्तक करायचं आणि हवं त्याच्यासाठी थोड्या छापील प्रती. पाच जणांची समिती झाली. रविवारी भारतात रात्री साडेआठ, न्यू जर्सीत सकाळी अकरा (तिकडची घड्याळं मागे गेली की दहा) अशी बैठकीची वेळ ठरली. दिवाळीला पुस्तक, असं आम्ही बिनधास्त जाहीर केलं.

पहिल्याच महिन्यात तीन गोष्टी समोर आल्या.

पहिली मजकुराची. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणायची साधनं आहेत, पण त्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने टंकलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. त्यामुळे रूपांतर केलं की जोडाक्षरांपाशी वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. सातवा अंक हौसेने पानं उलटणाऱ्या फ्लॅशमध्ये केला होता. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद झालं. आमच्याकडे पानांची चित्रं होती, मूळ फायली नव्हत्या. तो अंक दोघींनी चित्रं बघून पुन्हा टंकला.

सगळ्यात छळलं ते एका अदृश्य चिन्हाने. जुन्या टंकलेखनात ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला र लिहिताना मधे एक न दिसणारं जोडचिन्ह पडायचं. एका स्थलांतरात सर्व्हरने अशी सगळी चिन्हं फालतू समजून पुसून टाकली होती. एका भटकंतीच्या लेखात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ होत्या, त्यांचा सह्याद्रीत ‘दर्या’ झाला. सरसकट बदल करावा तर सूर्य, कार्य, धैर्य सगळ्यांचा विचका. अखेर एकीने शंकास्पद शब्दांची यादी काढली आणि एकेक जागा डोळ्यांनी तपासली. ही यादी पुढे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडली, ते खाली येईल.

दुसरी अडचण हक्कांची. प्रत्येक अंकाच्या तळाशी एक ओळ होती: ‘लेखनाचे सर्व हक्क लेखकाधीन.’ सभ्यपणाची खूण म्हणून आम्ही ती टाकली होती. तिचा सरळ अर्थ असा, की पुन्हा छापायचा हक्क आमच्याकडे कधीच नव्हता. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमच्याकडे लेखी म्हणावं असं एवढंच: ‘कथा पाठवतेय, आवडली तर घ्या.’ त्यातून निम्म्याहून जास्त लेखक टोपणनावाने लिहिणारे. टोपणनावाच्या लेखनाचा हक्क, लेखकाची ओळख उघड झालेली नसेल तर, प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे २००५च्या अंकातली आठ ओळींची कविता २०६५ संपेपर्यंत कुणाची तरी आहे. आणि ते कुणीतरी कोण, हे आम्हाला माहीत नाही.

तिसरी अडचण एका कथेची होती. हे प्रकरण लिहायला घेतलं ते तिच्यामुळेच.

पाचव्या अंकातली कथा

अकोल्याकडच्या एका लेखिकेची ती पहिलीच कथा. शिकून शहरात गेलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी गावी येते. निवेदन तिचं, प्रमाण भाषेत. संवाद सगळे वऱ्हाडीत. ती दारात उभी राहते आणि धाकटा भाऊ म्हणतो, ‘माय जेवून रायली. थांब जराशी.’

अंकात छापून आलं, ‘आई जेवून राहिली. थांब जरा.’

वऱ्हाडीत ‘जेवून रायली’ म्हणजे आत्ता जेवते आहे. ‘जेवून राहिली’ला प्रमाण मराठीत काहीच धड अर्थ नाही. एका वाचकाने तेव्हा विचारलं होतं, ‘जेवून राहिली म्हणजे कुठे राहिली?’ त्यावर बरेच हसले. पूर्ण कथेत हेच झालं होतं. ‘डोये’चे डोळे, ‘पानी’चं पाणी, ‘कायले आली वं’चं ‘कशाला आलीस गं’. काही जागा सुटल्या होत्या, त्यामुळे एकच म्हातारी एका परिच्छेदात वऱ्हाडी बोलायची आणि पुढच्यात सदाशिव पेठी.

हे ज्यांनी केलं ते काका निवृत्त शिक्षक, साताऱ्याकडचे. पाच अंकांचं मुद्रितशोधन त्यांनी रात्री जागून, फुकट केलं. त्यांच्याबद्दल कुणाच्या मनात किंतु नव्हता. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखननियम आणि १९७२ची भर त्यांना तोंडपाठ. गंमत अशी, की पात्राच्या तोंडचं बोलणं बोलण्यासारखं लिहायला त्याच नियमांत मोकळीक आहे. पण चौथ्या अंकावर ‘अशुद्ध लेखन फार’ अशी टीका झाली होती, आणि संपादक मंडळाने काकांना सांगितलं होतं की यंदा एकही चूक दिसता कामा नये. काकांना प्रत्येक ‘पानी’ चूक दिसली.

लेखिकेने अंक निघाल्यावर पत्र लिहिलं. मंडळाने उत्तर दिलं, ‘सर्व वाचकांना समजावं म्हणून भाषा थोडी सुलभ केली आहे.’ त्यानंतर ती समूहात दिसली नाही. ते उत्तर लिहिणाऱ्यांत मी होतो.

आता, संकलनासाठी दहा अंकांतून वाचकांनी सुचवलेल्या साहित्यात ही कथा जवळपास सगळ्यांच्या यादीत होती. ती बिघडलेल्या अवस्थेत लोकांना आवडली होती!

समोरचे पर्याय

बैठकीत चार वाटा चर्चेला आल्या.

एक, सगळं जसंच्या तसं साठवून सर्वांसाठी खुलं ठेवायचं आणि निवड वगैरे करायचीच नाही. याच्या बाजूने बोलणारा सभासद पोटतिडकीने बोलला. याहूने लोकांची संकेतस्थळं ठेवणारं जिओसिटीज २००९मध्ये बंद केलं, चर्चासमूहांचं याहू ग्रुप्स २०२०च्या डिसेंबरात. मराठी माणसांनी तिथे लिहिलेलं किती गेलं याची मोजदादही नाही. त्याचं म्हणणं, आधी वाचवा, मग हक्कांचं बघू. यात तथ्य होतं. पण खाजगी प्रत ठेवणं वेगळं आणि नव्याने पुस्तक काढणं वेगळं, इथे आम्ही थांबलो.

दोन, पुस्तक काढायचं आणि मागे एक ओळ टाकायची: ‘सर्व लेखकांशी संपर्क होऊ शकला नाही, कुणाचा आक्षेप असल्यास कळवावे.’ सोपं, आणि अनेक जण हेच करतात. दोन मतं याला पडली. माझं एक मत यात होतं, हे लपवत नाही. दिवाळी जवळ आली होती.

तीन, परवानगी मिळेल तेवढंच घ्यायचं, पुस्तक कितीही बारीक झालं तरी.

चार, ती एक कथा सोडून द्यायची. जुनी जखम उकरायची कशाला?

दुसऱ्या पर्यायाचा निकाल कायद्याने लागला नाही. सर्व्हरवाले दादा सहसा बैठकीत बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, ‘पाचव्या अंकाच्या वेळी आपण विचारलं नव्हतं. त्यावर आक्षेप आला, तेव्हा आपण काय केलं?’ मी मत मागे घेतलं.

तिसरा पर्याय ठरला. चौथ्यावर निर्णय पुढे ढकलला. तशी आमची जुनी सवय आहे.

काय केलं

निवडलेलं साहित्य चाळीसच्या आसपास, लेखक एकतीस. मी एक सुबक परिपत्रक लिहिलं, ‘आपले साहित्य पुनर्प्रकाशित करण्याची अनुमती द्यावी ही नम्र विनंती’, आणि सगळ्यांना एकगठ्ठा पाठवलं. बरेच पत्ते बंद झालेले. आठवडाभरात नऊ उत्तरं आली. त्यातलं एक एका ओळीचं होतं:

‘कोनतं साहित्य? माहं का तुमचं?’

चौथा पर्याय असा हातातून गेला. तिला ते पत्र गेलं होतं, बाकी तिसांना गेलं तसंच, त्याच शब्दांत.

यानंतर पद्धत बदलली. प्रत्येक लेखकामागे एक समिती सदस्य. परिपत्रक बंद. ज्याची जुनी ओळख आहे त्यानेच फोन करायचा, आणि बोलणं झाल्यावर दोन ओळींचा लेखी होकार मागायचा. त्यात कोणतं साहित्य, कुठे छापणार (ई-पुस्तक आणि छापील प्रती), किती काळासाठी आणि जगभर, एवढंच. एक कवी टोपणनावाने लिहायचे. त्यांचा शोध लागला तेव्हा ते जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलीला फोन केला तर तिला वडील कविता करायचे हेच माहीत नव्हतं. तिने सगळ्या कविता मागून घेतल्या, वाचल्या, आणि पंधरा दिवसांनी होकार दिला. खरं नाव छापू का, असं विचारलं तर म्हणाली, ‘नको. त्यांनी ज्या नावाने लिहिलं तेच असू द्या.’

एका गझलेबाबत ती पाठवणाऱ्याची नव्हतीच असं निघालं. ती वगळली.

अकोल्याच्या लेखिकेला फोन कुणी करायचा यावर दोन रविवार गेले. मी तयार होतो, पण माफीची वाक्यं जुळवत बसलो होतो. काकांना यात ओढायचं नाही यावर एकमत होतं. वय झालेलं, उगाच मनाला लावून घेतील. पण त्यांना कुठूनतरी कळलंच. त्यांनी मला फोन केला. ‘बदल मी केले. तुम्ही कशाला बोलताय मधे?’

त्यांचं तिच्याशी काय बोलणं झालं ते त्यांनी पूर्ण सांगितलं नाही. एवढं कळलं, की मूळ फाईल तिच्याकडेही नाही. जुना संगणक गेला, जुना ईमेल पत्ता गेला. जगात त्या कथेचं एकच रूप शिल्लक होतं, आणि ते आमचं होतं. ती म्हणाली, तोंडून सांगते, लिहून घ्या.

मग तीन रविवार, आमच्या बैठकीच्या आधी तासभर, ती फोनवर संवाद म्हणायची आणि काका टंकायचे. काकांना ‘डोये’ हाताने लिहवेना. दोनदा ‘डोळे’ झालं. शेवटी त्यांनी ‘दऱ्या-दर्या’वाल्या यादीसारखी एक यादी स्वतःसाठी केली, डाव्या बाजूला स्वतःची सवय, उजव्या बाजूला तिचा शब्द, आणि ती पडद्याशेजारी चिकटवली. मला त्या यादीचा फोटो पाठवला होता. वर शीर्षक, शिक्षकी अक्षरात: ‘माझ्या चुका’. पहिलीच नोंद ‘आहे’ आणि समोर ‘हाये’.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती पहिल्या अंकाच्या वेळीच करता आली असती. साहित्य पाठवतानाच दोन ओळींचा होकार: अंकात आणि पुढे अंकाच्या संकलनात छापायला हरकत नाही, आणि बदल विचारून करावेत. सोबत टोपणनावामागच्या माणसाचा एक टिकाऊ पत्ता, संपादकाच्या वहीत. दहा वर्षांत एकालाही हे सुचलं नाही, कारण आम्ही स्वतःला हौशी समजत होतो आणि कागदपत्रं व्यावसायिकांची असतात अशी समजूत होती. कायद्याला हौस कळत नाही. शिवाय लेखनाची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाधा येत असेल तर हरकत घ्यायचा लेखकाचा अधिकार हक्क विकल्यावरही शाबूत राहतो (कलम ५७). आमच्या लेखिकेने तर काही विकलंच नव्हतं.

मूळ फायली. लेखकाने पाठवलेली, न तपासलेली प्रत कधीच वेगळी ठेवली नाही. तपासलेल्या प्रतीने मूळ प्रत पुसली जायची. आज कुणी अंक काढत असेल तर ‘आलेलं’ आणि ‘छापलेलं’ असे दोन कप्पे करावेत. खर्च शून्य.

मुद्रितशोधकाला दिलेली सूचना. ‘एकही चूक नको’ ही सूचना नव्हे, धमकी आहे. कथेत बोली आहे, संवादांना हात लावू नका, एवढं वाक्य मंडळाने लिहायला हवं होतं. काकांनी नंतर कबूल केलं की त्यांना शंका आली होती, पण विचारायचं कुणाला? मंडळात एकही वऱ्हाडी माणूस नव्हता. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षातही आली नाही.

आणि ते उत्तर. ‘भाषा थोडी सुलभ केली’ हे वाक्य मी आज पुन्हा वाचलं. तेव्हाच कथा दुरुस्त करून चढवायला एक संध्याकाळ लागली असती. अंक महाजालावर होता, छापखान्यात नव्हता. मूळ फाईलही तेव्हा तिच्याकडे होती.

परिपत्रकाबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

शेवटी काय झालं

पुस्तक त्या दिवाळीला निघालं नाही, पुढच्या दिवाळीला निघालं. एकतिसांपैकी चोवीस लेखकांचा होकार आला. तिघांनी नाही म्हटलं, त्यातल्या एकाला आपली विशीतली कविता आता वाचवत नाही. हे कारण आम्हाला पटलं. चौघांचा पत्ता लागला नाही. अनुक्रमणिकेत त्यांच्या साहित्याचं नाव आहे, पान नाही. छापील प्रती मागणाऱ्यांपुरत्याच काढल्या. सर्व्हर बंद झाला. दहाही अंकांची खाजगी प्रत तीन सभासदांकडे तीन वेगवेगळ्या शहरांत आहे, या वेळी साध्या मजकुराच्या फायलींत, ज्या उघडायला कुठल्याही कंपनीची मर्जी लागत नाही.

छपाईच्या आधी शेवटचं मुद्रित लेखिकेकडे गेलं. तिने संवादांत दोन जागा दुरुस्त केल्या. निवेदनात मात्र ‘पाणी’ तसंच होतं. काकांना ते खटकलं. आता त्यांना कुठलंच पाणी शुद्ध वाटेना. एक तरी राहून गेलं असेल म्हणून त्यांनी फोन केला आणि विचारलं, निवेदनातलंही ‘पानी’ करायचं का?

‘नाई काका,’ ती म्हणाली, ‘पोरगी शिकेल हाये. तिले पाणीच म्हनू द्या.’